कलहारीतले काळे-पांढरे सातभाई: पहारा, चोरी आणि ग्रॅमांचा हिशोब

रानपिंगळा

सातभाईंवर इथे आधी भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. आफ्रिकेच्या दक्षिणेला, कलहारीच्या काटेरी सवानात, त्यांचा एक भाऊबंद राहतो. इंग्रजीत सदर्न पाइड बॅबलर, शास्त्रीय नाव टर्डॉइडिस बायकलर. अंग शुभ्र पांढरं, पंख आणि शेपूट काळी, डोळा नारिंगी. लांबी २६ सेंमीच्या आसपास, वजन ७५ ते ९५ ग्रॅम. बोट्स्वाना, नामिबिया, झिम्बाब्वेचा पश्चिम भाग आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तरेकडचा कोरडा पट्टा हा त्याचा मुलूख.

टोळी दोनपासून सोळापर्यंत, बहुधा पाच-सहाची. सगळी टोळी वर्षभर आपली हद्द राखते. खाणं जवळजवळ सगळं जमिनीवरचं: पालापाचोळा उलथायचा, वाळूत चोच खुपसून उकरायचं आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या, वाळवी, विंचू, क्वचित छोटी सापसुरळी बाहेर काढायची. रात्री सगळे एका फांदीवर एकमेकांना चिकटून झोपतात. इथवर आपल्या सातभाईंसारखंच.

वेगळं हे की या पक्ष्याच्या वागण्याचा हिशोब ग्रॅममध्ये मांडला गेलाय. २००३ साली अमांडा रिडली यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केप प्रांतात, कुरुमन नदीच्या राखीव क्षेत्रात, या पक्ष्याचा दीर्घ अभ्यास सुरू केला. मीरकॅटच्या, म्हणजे मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्याच्या, टोळ्या जिथे १९९३ पासून अभ्यासल्या जातात तीच ही जागा. नदी आपली नावाला. पात्र एरवी कोरडंच. त्या अभ्यासातून काय काय निघालं, त्यावर बोलू या.

टिपकागद

पहिलाच प्रश्न. रानातल्या पक्ष्याचं वजन रोज घ्यायचं म्हणजे रोज जाळ्यात धरायचा? मग त्याचं वागणं नैसर्गिक कसं राहील?

गणिती

धरत नाहीत, तीच तर गंमत आहे. पद्धत अशी:

आधी टोळीला माणसाची सवय करायची. रोज त्याच टोळीमागे चालायचं, घाई नाही, हातवारे नाहीत. सुरुवातीला पक्षी झाडावर चढून कोकलतात. पुढे दुर्लक्ष करू लागतात आणि शेवटी निरीक्षक दोन-तीन मीटरवर असला तरी उकरत राहतात. याला आठवडे, कधी महिने लागतात. मग वाळूवर सपाट फळी, फळीवर साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्यावर मीलवर्मचा, म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीचा, एखादा तुकडा. पक्षी स्वतःहून काट्यावर उडी मारतो, तुम्ही आकडा वाचता.

चुका कुठे होतात? एक, फळी समतल नसते. वाळू पायाखाली खचते आणि काटा तिरका वाचतो. दोन, वारा. काट्याभोवती आडोसा नसला की दशांशातला आकडा नाचतो. तीन, पक्ष्याचा एक पाय कडेवर असतो किंवा दोघे एकदम चढतात. असं वाचन सरळ टाकून द्यायचं. चार, वर विष्ठा किंवा वाळू पडली की काटा पुन्हा शून्यावर आणायचा राहून जातो. आणि सर्वात महत्त्वाचं, आमिष फार द्यायचं नाही. एक मीलवर्म ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतो. दहा दिलेत तर ग्रॅमभर वजन तुम्हीच वाढवलंत, मग सकाळ-संध्याकाळच्या फरकाला अर्थ राहत नाही.

वजन पहाटे चरायला निघण्याआधी आणि संध्याकाळी झोपायला जाण्याआधी घेतलं तर दिवसाची कमाई कळते. संध्याकाळ आणि दुसरी पहाट यातला फरक म्हणजे रात्रीचा खर्च.

ओळखीसाठी पायात रंगीत कडी आणि एक धातूची कडी घालतात, प्रत्येकाची रंगजुळणी वेगळी. पिल्लांना घरट्यात साधारण अकराव्या दिवशी कडी घालतात. त्याआधी पाय बारीक, कडी निसटते; फार उशीर केला तर हात लागताच पिल्लू वेळेआधी घरट्यातून उडी मारतं. नर-मादी दिसायला सारखे, म्हणून लिंग ओळखायला रक्ताचा थेंब घेतात.

माळरान

उत्तम. आता पहाऱ्याबद्दल लिहितो, कारण त्यावर फार गोड-गोड लिहिलं जातं.

टोळी चरत असताना एखादा उंच फांदीवर बसतो आणि चरत नाही. गप्पही बसत नाही, सतत हलका आवाज काढत राहतो. धोक्याची हाक वेगळी. हा आवाज म्हणजे 'मी वर आहे, लक्ष आहे'. ब्रिस्टल विद्यापीठाच्या अँडी रॅडफर्ड यांच्या गटाने हा आवाज ध्वनिमुद्रित करून टोळीला ऐकवला. आवाज चालू असताना खाली चरणारे पक्षी मान वर काढून कमी वेळा बघतात, एकमेकांपासून लांब पांगतात, उघड्यावर जास्त जातात, आणि त्यांच्या पोटात जास्त अन्न पडतं. डोकं वाळूत खुपसून उकरणाऱ्याला शिकारी पक्षी दिसत नाही, त्यामुळे वरच्याचा आवाज त्याच्या थेट कमाईत उतरतो.

पहारेकऱ्याला काय पडतं? वर बसलेला आधी ससाणा बघणार आणि आधी सटकणार, असं पूर्वी मानलं जाई. याच पक्ष्यांवर तपासलं तेव्हा उलटं निघालं. पहारेकरी आडोशापासून लांब असतो आणि धोका आला की लपायला त्याला चरणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे काम जोखमीचंच.

पण म्हणून ते 'बलिदान' होत नाही. पोट भरलेला पक्षी पहाऱ्याला चढतो, भुकेला खाली उतरतो. ज्याचा त्या घडीला खर्च कमी, तो वर. याला त्याग म्हणायची गरज नाही.

सावळा_कोतवाल

माझ्या नावाला जागून आता चोराची बाजू मांडतो.

कलहारीत आपल्या कोतवालाचा भाऊ आहे, फोर्क-टेल्ड ड्राँगो. काळाकुळकुळीत, दुभंगलेली शेपूट, तोच तोरा. तो या टोळीच्या वरच्या फांदीवर बसून असतो. एखाद्याने मोठी अळी किंवा विंचू उकरून काढला की ड्राँगो धोक्याची हाक देतो. सगळे जीव घेऊन झुडपात पळतात, अळी तिथेच पडते, हा खाली झेप घेऊन ती उचलतो.

पण प्रत्येक वेळी खोटं बोललं तर कोण ऐकेल? ड्राँगोचं कसब इथे आहे. तो खऱ्या धोक्यालाही ओरडतो, म्हणजे टोळीला त्याचा खरोखर उपयोग होतो. आणि स्वतःच्याच हाकेवर तो थांबत नाही. टॉम फ्लॉवर यांनी २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की हे ड्राँगो इतर पक्ष्यांच्या आणि मीरकॅटच्याही धोक्याच्या हाका उचलतात. एकूण हाकांचे प्रकार ५० च्या आसपास. एका हाकेला समोरचा फसेनासा झाला की ड्राँगो हाक बदलतो, आणि पुन्हा चालतं. त्याच्या दिवसाच्या खाण्यातला जवळपास चौथा हिस्सा अशा चोरीतून येतो.

बळी कोण? जास्त करून नवखी पिल्लं. मोठा किडा हाताळायला त्यांना वेळ लागतो, तेवढा वेळ चोराला पुरतो.

माळरान

आणि टोळीचं उत्तरही तितकंच हिशोबी असतं. मोठी टोळी ड्राँगोला हाकलते, कारण पहाऱ्याला स्वतःची माणसं आहेत. तीन-चार जणांची टोळी त्याला खपवून घेते. पहाऱ्याला एक जण बसवला तर चरणारे दोन-तीनच उरतात. त्यापेक्षा चोराने अधूनमधून एखादी अळी नेली तरी परवडते. ड्राँगो असताना त्या टोळीचा स्वतःचा पहारा कमी होतो.

ड्राँगो त्यासाठी एक वेगळी 'ट्वँक' अशी हाकही देत राहतो, मी इथे आहे हे कळवायला. ती ऐकून टोळी थोडी निर्धास्त होते, पण आपल्या माणसाच्या आवाजाइतकी नाही.

टिपकागद

सावळा_कोतवाल, तुमच्या भावाला पगारी चौकीदार म्हणायचं की खंडणीखोर?

सावळा_कोतवाल

टोळी किती जणांची आहे ते आधी सांगा.

शमीवृक्ष

घरट्यावर कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून.

हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि पावसाळा. काटेरी झाडात वाटीसारखं घरटं, आत बारीक मुळ्या. अंडी दोन ते पाच, नेहमीची तीन. उबवण १४ दिवसांच्या आसपास. दिवसा टोळीतले सगळे आळीपाळीने बसतात, रात्री मात्र मुख्य मादीच. पिल्लं साधारण १६ दिवसांनी बाहेर पडतात आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. त्यानंतर दोन-तीन महिने त्यांना भरवावं लागतं. सगळ्या धडपडीतला जड भाग तोच.

मुख्य जोडी एकच. जनुकीय तपासणीत ९५ टक्के पिल्लं याच जोडीची निघाली. बाकीचे मदतनीस, बहुतेक आधीच्या विणीतली मुलं. त्यांच्यामुळे मुख्य जोडीचा मोठा फायदा होतो: उडायला शिकणाऱ्या पिल्लांना मदतनीस सांभाळतात आणि जोडी पुढच्या घरट्याला लागते.

सगळं सुखाचं नाही. टोळीत बाहेरून नर आला की दुय्यम मादीलाही विणीची संधी दिसते. मग दोघी एकाच घरट्यात अंडी घालतात आणि एकमेकींची अंडी फोडतात किंवा खातात. त्यातून वीण लांबते, आणि नुकसान दोघींचं होतं.

गणिती

भरवण्यात एक फार बारीक गोष्ट आहे. निकोला रायहानी आणि रिडली यांचं काम, २००८.

पिल्लं बाहेर पडायच्या काही दिवस आधीपासून मोठे पक्षी घास देताना एक विशिष्ट घुरघुर आवाज काढू लागतात. त्याआधी काढत नाहीत. पिल्लू आवाज आणि घास यांची सांगड घालतं. मग मोठे लांब बसून तीच घुरघुर काढतात, पिल्लू घासाच्या ओढीने घरट्याबाहेर येतं. पुढे याच आवाजाने पिल्लांना चांगल्या चरणीच्या जागी नेतात, आणि शिकारी जवळ असला की त्याच्यापासून दूर. संशोधकांनी काही घरट्यांमध्ये हा आवाज वेळेआधी ऐकवून पाहिला, तेव्हा पिल्लं वेळेआधी त्याला प्रतिसाद देऊ लागली. म्हणजे ही सांगड जन्मजात नाही, घालून दिलेली आहे. रानातल्या प्राण्यांत 'शिकवणं' प्रयोगाने दाखवल्याची उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी, त्यात हे एक.

पिल्लंही काही भोळी नसतात. भूक लागलेलं पिल्लू झाडावरची सुरक्षित जागा सोडून जमिनीवर उघड्यावर येऊन बसतं. तिथे धोका जास्त, म्हणून मोठे त्याला आधी भरवतात. पोट भरलं की पुन्हा वर.

रानपिंगळा

यात पळवापळवीही जोडा. ज्या लहान टोळ्यांची वीण वारंवार फसते, त्या शेजारच्या टोळीचं नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू पळवतात. टोळ्यांची हद्दीवर हमरीतुमरी चालू असते, पिल्लू गोंधळलेलं असतं, कोणी तरी घास दाखवतं आणि ते मागे जातं. पुढे त्याला आपल्या पिल्लासारखं वाढवतात. नात्याचं नसलं तरी एक पहारेकरी आणि एक भरवणारा वाढतो, आणि लहान टोळीला तेवढ्याने तरता येतं.

एकटा पडलेला पक्षी हीच या हिशोबाची दुसरी बाजू. टोळीतून हाकललेला पक्षी चरायचा वेळ इकडेतिकडे बघण्यात घालवतो आणि त्याचं वजन घटत जातं. जितके दिवस एकटा, तितका हलका, आणि नव्या टोळीत शिरणं तितकं अवघड.

माळरान

चातकाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

तोच चातक, जो आपल्याकडे पावसाच्या तोंडाशी येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. आफ्रिकेतही तो आहे. दक्षिण आफ्रिकेत तो मुख्यतः बुलबुल आणि खाटीक पक्ष्यांच्या घरट्यांवर जगतो, पण कलहारीत या काळ्या-पांढऱ्या टोळ्यांच्या घरट्यातही त्याची पिल्लं नोंदली गेली; रिडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये ते छापलं. चातकाचं पिल्लू कोकिळ कुळातल्या काही नातलगांसारखं यजमानाची पिल्लं बाहेर ढकलत नाही, त्यांच्याबरोबरच वाढतं. त्यामुळे टोळी दोघांनाही भरवत राहते.

आपल्याकडे पावशाही सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेलच.

टिपकागद

मग हे दोन्ही सातभाई एकाच प्रजातिगटातले का? जुन्या पुस्तकात आपला सातभाईसुद्धा टर्डॉइडिसच आहे.

शमीवृक्ष

होता. २०१८ च्या फेरमांडणीत भारतातले बहुतेक सातभाई आर्गया या गटात गेले, टर्डॉइडिस नाव आफ्रिकेतल्यांकडे राहिलं. कुळ तेच.

ओळखीचंही इथेच उरकतो, कारण सफारीला जाणारे हमखास गोंधळतात. पूर्ण वाढलेला काळा-पांढरा सातभाई चुकत नाही: डोकं, पाठ, पोट सगळं पांढरं. घोटाळा होतो तो पिल्लांमुळे. ती मळकट तपकिरी असतात आणि हळूहळू पांढरी होतात, त्यामुळे अर्धवट रंगलेलं पिल्लू एकटं दिसलं की वेगळी जात वाटते. आजूबाजूला पांढरे पक्षी शोधा. नामिबियात बेअर-चीक्ड बॅबलर दिसतो. त्याचं पोट पांढरं पण पाठ तपकिरी, आणि डोळ्यामागे उघडी काळी कातडी. केनिया-टांझानियात ज्याला नॉर्दर्न पाइड बॅबलर म्हणतात, त्याचीही पाठ तपकिरी. म्हणजे पाठ बघितली की निकाल लागतो.

बघायला दक्षिण आफ्रिकेतलं पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यान सोयीचं, जोहान्सबर्गहून गाडीने काही तासांत. उंच झाडाकडे नको, काटेरी झुडपांच्या बुंध्याशी बघा. आधी आवाज येतो, एकदम आठ-दहा जणांचा कलकलाट.

गणिती

आता सगळ्यात जड भाग. उन्हाळा.

काट्यावरच्या आकड्यांमुळे एक उंबरठा सापडला. दिवसाचं कमाल तापमान ३५.५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की पक्षी दिवसभरात जेवढं कमावतो त्यातून रात्रीची घट भरून निघत नाही. २०१२ चं काम आहे हे. कारण साधं आहे. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून दूर धरतो. उघड्या चोचीने वाळू उकरता येत नाही. तो हिंडत असतो, उकरायचा प्रयत्नही करतो, पण हाती कमी लागतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पक्षी चरतोय म्हणजे ठीक आहे. काटा वेगळं सांगतो.

असा एखादा दिवस सोसतो. ओळीने आले की घरट्यातल्या पिल्लांना घास कमी पडतात आणि ती खुरटतात. अमांडा बोर्न आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की अंडी घालण्यापासून पिल्लू स्वतः खाऊ लागेपर्यंतच्या काळातलं सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या वर राहिलं, तर त्या विणीतलं एकही पिल्लू तगलं नाही.

माळरान

आणि इथे टोळीचा उपयोग संपतो. मोठ्या टोळीत मदतनीस जास्त, मग वाईट वर्षात तीच तरून जाईल असं वाटतं ना? उष्णता आणि दुष्काळ एकत्र आले त्या वर्षी लहान-मोठ्या सगळ्याच टोळ्यांत पक्षी गेले, मोठ्या टोळीला सूट मिळाली नाही. त्याचं कारणही वरच्याच हिशोबात आहे. मदतनीस पहारा वाटून घेतो, भरवणं वाटून घेतो. पण धापा टाकणाऱ्या दहा पक्ष्यांपैकी प्रत्येकाची स्वतःचीच रात्र भरून निघत नसेल तर वाटायला शिल्लक काय? जमीनही सुकलेली, अळ्या खोल गेलेल्या.

'सहकारामुळे हे पक्षी हवामान बदलाला तोंड देतील' अशी वाक्यं वाचली की मला म्हणूनच वैताग येतो.

टिपकागद

विदर्भात एप्रिल-मेमध्ये ४५ पर्यंत पारा जातो आणि सातभाई तिथे आहेतच. मग ते कसे टिकतात? आणि इथे बसून काही नोंदवता येईल का?

रानपिंगळा

कलहारीचा ३५.५ हा आकडा आपल्या सातभाईला चिकटवू नका. जात वेगळी, सावली वेगळी, पाणी वेगळं. आपला पक्षी गावात नळाखाली, हौदावर येतो, आणि आंबा-चिंचेची दाट सावली त्याला मिळते. कलहारीत कॅमलथॉर्न या काटेरी झाडाची विरळ सावली, पाण्याची बहुतेक गरज खाण्यातूनच भागवायची. पण कोणत्या तापमानाला चोच उघडते हे नोंदवणं सहज शक्य आहे, आणि त्याला काटाही लागत नाही.

एक टोळी निवडा. सकाळी ७ ते ८, दुपारी १२ ते १ आणि ४ ते ५ अशा तीन वेळा. दर मिनिटाला सगळ्या टोळीवर एकदा नजर फिरवायची आणि चार आकडे लिहायचे: किती दिसतात, किती चरतात, किती चोच उघडी ठेवून आहेत, वर किती बसलेत. नजर नेहमी डावीकडून उजवीकडे, नाही तर चळवळे पक्षी दोनदा मोजले जातात. चोच उघडी म्हणजे सतत उघडी. ओरडताना उघडलेली धरायची नाही. ओरडणं आणि धापा यातला फरक गळ्याच्या थरथरीवरून कळतो, त्यासाठी ८ पट दुर्बीण पुरते.

गणिती

पहाऱ्यासाठी दोन भर. 'वर बसलेला' प्रत्येक जण पहारेकरी नसतो. पिसं साफ करणारा किंवा डोळे मिटलेला वगळा. वरचा पक्षी बाकीच्यांपेक्षा मीटरभर तरी उंच, मान फिरती, चरणारे खाली, एवढं जुळलं तरच धरा. आणि कोतवाल आसपास असेल तर तशी खूण करा. आपल्या सातभाईंच्या लहान टोळ्या त्याच्या असण्याने पहारा कमी करतात का, हे तेवढ्याने पुढे तपासता येईल.

मीलवर्म टाकून जवळ बोलावू नका. मग चरण्याची नोंद तुमच्या मीलवर्मची होते. पायात कडी घालणं किंवा पक्षी धरणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय करायचंच नाही. कड्यांशिवाय एकेक पक्षी ओळखता येणार नाही, पण टोळीपातळीचे आकडे मिळतात.

टिपकागद

तापमान मोबाईलवरचं चालेल?

गणिती

नाही. तो जवळच्या केंद्राचा किंवा अंदाजाचा आकडा असतो. साधा तापमापक टोळी चरते त्याच आवारात, पूर्ण सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर टांगा. भिंतीला चिकटवू नका, भिंत दुपारी तापते. टांगल्यावर दहा मिनिटं थांबून मग वाचा, आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी असे दोन आकडे घ्या. उन्हात ठेवलेल्या तापमापकाचे आकडे इथे टाकू नका, ते कशाशीच जुळणार नाहीत.